कोटेशनमधल्या सैल ओळी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळणेश्वरात मोटारीचं शोरूम नाही. गाडी घ्यायची म्हटलं की इथल्या माणसापुढे तीन वाटा असतात. एक शृंगारतळी, मार्गताम्हाने करत चिपळूणला जाते. दुसरी तवसाळला उतरून फेरीबोटीने शास्त्री नदीची खाडी ओलांडते आणि जयगडवरून रत्नागिरी गाठते. तिसरी लांबची: कोल्हापूर, पुणे, नाहीतर मुलगा नोकरीला असेल ते ठाणे किंवा बोरिवली. आंब्याचा बागायतदार, पर्यटकांसाठी खोल्या बांधणारा, इंजिनिअरिंग कॉलेजातला प्राध्यापक, गणपतीला गाडी गावी आणायचीच असं ठरवलेला चाकरमानी, सगळे यांतलीच एखादी वाट धरतात. परत येताना प्रत्येकजण एक ठाम मत घेऊन येतो. चिपळूणचे बोलायला बरे आहेत. कोल्हापुरात जास्त सोडतात. मुंबईत आपल्याला कोण विचारतंय!

ही मतं खोटी नसतात, पण ती एकमेकांशेजारी ठेवून काही कळतही नाही. एकाने श्रावणात विचारलेलं असतं, दुसऱ्याने मार्चअखेर. एकाने वरचं मॉडेल पाहिलेलं असतं, दुसऱ्याने मधलं. तिसऱ्याच्या आकड्यात जुन्या गाडीची किंमत वजा झालेली असते आणि ते त्याच्याही ध्यानात नसतं. गोड बोलणं, चहा, थंडगार सरबत, पेढ्यांचा पुडा आणि चावीची भलीमोठी पुठ्ठ्याची प्रतिकृती हातात घेऊन काढलेला फोटो, यांवरून शोरूम चांगलं की वाईट ते ठरत नाही. फरक पडतो तो कोटेशनच्या कागदावरच्या मोजक्या ओळींत. बाकीच्या ओळी सरकारने किंवा कंपनीने आवळून बांधलेल्या असतात. कुठली ओळ घट्ट आणि कुठली सैल हे एकदा ओळखता आलं की तीन शोरूमची तुलना एका संध्याकाळी ओटीवर बसून करता येते.

घट्ट ओळी

कोटेशनची पहिली ओळ एक्स-शोरूम किमतीची. ती कंपनी ठरवते आणि जीएसटी तिच्यातच धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना, म्हणजे पेट्रोलमध्ये १२०० आणि डिझेलमध्ये १५०० सीसीपर्यंत, १८ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के आणि विजेवरच्या गाड्यांना ५ टक्के. हा कर चिपळुणात कमी आणि पुण्यात जास्त, असं होऊ शकत नाही.

दुसरी घट्ट ओळ रस्ताकराची. महाराष्ट्रात तो गाडीच्या किमतीवर एकरकमी भरावा लागतो. व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ आणि त्यावर १३. डिझेलला याच टप्प्यांवर १३, १४ आणि १५. आठ लाखांच्या पेट्रोल गाडीचा मूळ कर ११ टक्क्यांनी ८८ हजार होतो, मग नंबर रत्नागिरीचा एमएच ०८ असो की ठाण्याचा एमएच ०४. खोल्यांच्या व्यवसायासाठी कंपनीच्या नावावर गाडी घ्यायची असेल तर दर बराच चढतो, म्हणून हा निर्णय शोरूममध्ये शिरण्याआधीच झालेला बरा. गाडीची किंमत दहा लाखांच्या वर गेली की १ टक्का टीसीएस लागतो. तो खर्च नव्हे. तो आपल्या नावावर जमा झालेला आयकर असतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. कोटेशनच्या बेरजेत मात्र तो खर्चासारखाच दिसतो आणि एका शोरूमने धरला, दुसऱ्याने सोडला की तुलना फसते.

तिसरी ओळ थर्ड पार्टी विम्याची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच घ्यावा लागतो आणि त्याचा हप्ता सरकार ठरवतं. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या नव्या गाडीला हा हप्ता १०,६४० रुपये आणि वर जीएसटी. कर्ज असेल तर बोजा चढवण्याचं सरकारी शुल्कही ठरलेलं असतं.

या ओळींत दोन शोरूमच्या आकड्यांत फरक दिसला तर एकाचं गणित चुकलंय किंवा त्या ओळीत दुसरं काहीतरी मिसळलंय. ‘आरटीओ आणि इतर’ अशी एकच ओळ असेल तर त्या ‘इतर’चे आकडे वेगळे करून मागावेत.

सैल ओळी

सगळ्यांत सैल ओळ विम्याच्या उरलेल्या भागाची, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानभरपाईची. हा विमा एक वर्षाचा असतो आणि यात विमा कंपन्या भरपूर सवलत देतात. ती ग्राहकापर्यंत किती पोचवायची हे मधला माणूस ठरवतो. विमा नियामकाने नोव्हेंबर २०१७ पासून डीलरांना विमा विकण्याची रीतसर चौकट घालून दिली. कुठल्या कंपनीचा विमा घ्यायचा हे ग्राहकाने ठरवायचं, हेही त्या चौकटीत आहे. ‘आमच्याकडचाच विमा घ्यावा लागेल’ हे वाक्य नियमाला धरून नाही. पण बाहेरून स्वस्त आकडा आणताना दोन गोष्टी जुळवून पाहाव्यात. पहिली गाडीची विमा मूल्यरक्कम: नव्या गाडीला ती एक्स-शोरूम किमतीच्या ९५ टक्के असते आणि ती खाली ओढली की हप्ता आपोआप स्वस्त दिसतो. दुसरी जोडकलमं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि शहरातली असंख्य वाहनं बुडाली. इंजिनात पाणी गेलेलं असताना चावी फिरवली तर इंजिन आतून मोडतं, आणि इंजिन संरक्षणाचं जोडकलम नसेल तर साधा विमा ते नुकसान सहसा भरून देत नाही. ज्या माणसाची गाडी पावसाळ्यात आठवड्याला एकदा तरी चिपळूणला जाणार, त्याने चार पैसे वाचवायला हे कलम गाळू नये.

दुसरी सैल ओळ हँडलिंग, लॉजिस्टिक्स, डेपो अशा नावांनी येते. कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणणं हा विक्रेत्याचा धंदा आहे, त्याचं वेगळं बिल सरकारने ठरवून दिलेलं नाही. ही ओळ कोणती सेवा दिल्याबद्दल आहे, असं शांतपणे आणि लेखी विचारलं की ती बऱ्याचदा लहान होते किंवा नाहीशी होते.

तिसरी ॲक्सेसरीजची. मॅट, सीटकव्हर, मडफ्लॅप यांचं ‘पॅकेज’ करून ते सक्तीचं असल्यासारखं मांडलं जातं. चौथी जुन्या गाडीची. एक शोरूम जुन्या गाडीला चांगला भाव देतं आणि नव्या गाडीवर कमी सोडतं, दुसरं नेमकं उलट करतं. दोन्ही व्यवहारांचे आकडे स्वतंत्र मागितले तरच खरं कळतं. जुनी गाडी देताना तिची जबाबदारीही कागदावर उतरली पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत विक्रेत्याला गाडी दिल्याची सूचना मालकाला परिवहन खात्याकडे ऑनलाइन देता येते. त्यानंतर गाडी पुढे विकली जाईपर्यंत ती त्या विक्रेत्याच्या नावे मानली जाते. पाचवी ओळ कर्जाची. शोरूममध्ये बसलेला फायनान्सवाला आपलं काम सोपं करतो हे खरं, पण त्याचा मोबदला त्या कर्जातूनच निघतो. व्याजाचा दर, प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा दंड हे तीन आकडे आपल्या बँकेच्या आकड्यांशेजारी मांडावेत.

सहावी ओळ सगळ्यांना आधी दिसते आणि तिच्याबद्दलच जास्तीत जास्त गैरसमज आहेत. ती म्हणजे सूट.

सूट कोण ठरवतं?

ग्राहकाला वाटतं, सूट देणं न देणं काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर असतं. २०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक निनावी ईमेल आला. लिहिणाऱ्याने आपण मारुती सुझुकीचे डीलर असल्याचं म्हटलं होतं आणि तक्रार मुंबई वगळून उरलेल्या महाराष्ट्राच्या विभागाबद्दल होती. कंपनीने ठरवून दिलेल्या सवलतीपेक्षा जास्त सूट डीलरांनी ग्राहकाला देऊ नये असं धोरण आहे आणि ते मोडणाऱ्याला दंड होतो, असा आरोप त्यात होता. आयोगाने २०१९ मध्ये चौकशीचा आदेश दिला. २३ ऑगस्ट २०२१ रोजी निकाल देऊन आयोगाने कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

निकालात आलेली कार्यपद्धत एखाद्या रहस्यकथेत शोभावी अशी आहे. कंपनीने नेमलेल्या संस्थांची माणसं ग्राहक बनून शोरूममध्ये जात. किंमत विचारत, घासाघीस करत, जास्तीची सूट मिळते का ते पाहत आणि संभाषणाचा पुरावा घेऊन बाहेर पडत. मग डीलरला ईमेलने विचारणा होई. समाधानकारक उत्तर आलं नाही तर दंड, आणि तोही डीलरशिपबरोबर तिथल्या माणसांनाही. दंडाची रक्कम कुठे भरायची आणि ती कशी वापरायची, हेसुद्धा कंपनीच सांगत होती, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपनीचं म्हणणं असं, की हे धोरण डीलरांनी आपसांत ठरवलेलं आहे, आपण ते लादलेलं नाही. आयोगाने ते मान्य केलं नाही. कंपनी अपिलात गेली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील अधिकरणाने दंडाची दहा टक्के रक्कम भरण्याच्या अटीवर या आदेशाला स्थगिती दिली. त्याआधी जून २०१७ मध्ये ह्युंदाईलाही अशाच कारणावरून ८७ कोटींचा दंड झाला होता. तो आदेश अपील अधिकरणाने सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द केला.

कायद्याचा वाद वकिलांना लखलाभ. ग्राहकाला यातून एक गोष्ट उमगते. एकाच कंपनीची तीन शोरूम हिंडून रोख सुटीचा तोच आकडा तीनदा ऐकायला मिळाला, तर ती त्या तिघांची मिलीभगत असेलच असं नाही. त्यांच्या वरूनही कोणीतरी दोरी धरलेली असू शकते. ‘साहेब, याच्या वर आमच्या हातात नाही’ हे सेल्समनचं वाक्य दरवेळी नाटक नसतं. अशा वेळी रोख आकड्यावर तासभर डोकं आपटण्यापेक्षा विमा, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी आणि जुन्या गाडीचा भाव या ओळींकडे वळावं. तिथे डीलरचा हात मोकळा असतो.

गुप्त ग्राहकाची शिस्त मात्र उचलण्यासारखी आहे. तो प्रत्येक शोरूममध्ये तोच प्रश्न, त्याच मॉडेलबद्दल, त्याच आठवड्यात विचारतो. आपणही तेच करावं. एकच मॉडेल, एकच रंग, एकच इंधन, विमा एकाच मूल्यरकमेचा, आणि कोटेशन शिक्क्यासकट कागदावर. व्हॉट्सॲपवर आलेला गोल आकडा कोटेशन होत नाही.

डीलर कधी वाकतो

डीलर गाड्या कंपनीकडून विकत घेतो, बहुधा बँकेच्या कर्जावर. यार्डात उभी असलेली प्रत्येक गाडी रोज व्याज खात असते. वाहन वितरकांची देशपातळीवरची संघटना, फाडा, दरमहा किरकोळ विक्रीचे आकडे जाहीर करते. २०२४ च्या सणासुदीआधी देशभरातल्या डीलरांकडे ८० ते ८५ दिवस पुरेल इतका साठा तुंबल्याचं तिने जाहीर केलं होतं. त्याची किंमत होती सुमारे ७९ हजार कोटी रुपये. अशा महिन्यांत ग्राहक राजा असतो. ज्या गाडीसाठी सहा महिने वाट पाहावी लागते तिच्यावर कोणीच काही सोडत नाही, आणि सोडावं तरी का?

आपल्याकडे याला पंचांगाचीही बाजू आहे. पितृपक्षात गाडी घरी आणायला लोक नाखूश असतात, शोरूम ओस पडतात आणि डीलर बोलणी करायला मोकळा असतो. बुकिंग त्या पंधरवड्यात करून डिलिव्हरी दसऱ्याला घेणारे व्यवहारी लोक कोकणातही आहेत. महिन्याचा शेवट, तिमाहीचा शेवट आणि डिसेंबर हे बाकीचे मोके. डिसेंबरच्या सुटीची किंमत मात्र पुढे मोजावी लागते. जानेवारीत ती गाडी ‘मागच्या वर्षीची’ होते आणि विकायला काढली की तेवढी घसरते. दहा-बारा वर्षं वापरायची असेल तर हे नुकसान नगण्य. चार वर्षांत बदलायची असेल तर हिशोब करून पाहावा.

ताबा घेण्याआधी

आंब्याची पेटी घेताना आपण वरचा थर बघून पैसे देत नाही, तळाचा थरही उघडून पाहतो. गाडीचा तळाचा थर म्हणजे चासी क्रमांक. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ चं मॉडेल म्हणून पैसे भरले आणि त्याला २००९ ची, सहाशेहून अधिक किलोमीटर चाललेली गाडी देऊ केली गेली. प्रकरण ग्राहक मंचापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने उत्पादक टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळं केलं. कंपनी आणि डीलर यांचं नातं दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचं असतं आणि डीलरच्या या कृत्याची कंपनीला माहिती होती असं दिसत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. जबाबदारी राहिली ती डीलरची. शोरूमच्या दारावर कंपनीची पाटी मोठी असते. आपला करार मात्र पावतीवर ज्याचं नाव आहे त्याच्याशी होतो.

म्हणून उरलेली रक्कम भरण्याआधी आणि नोंदणीला गाडी जाण्याआधी, आपल्याला द्यायची आहे तीच गाडी दिवसाउजेडी दाखवा, असा आग्रह धरावा. सतरा आकडी-अक्षरी चासी क्रमांक वहीत उतरवून घ्यावा आणि बिलावर तोच आहे ना ते पाहावं. उत्पादनाचा महिना आणि वर्ष विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर असतं. टायरच्या बाजूवरचे चार आकडे कितव्या आठवड्यात आणि कुठल्या वर्षी टायर बनला ते सांगतात. ओडोमीटर, काचांवरचे क्रमांक, दारांच्या फटी, रंगातला फरक पाहून घ्यावा. पूर येऊन गेल्यानंतरच्या महिन्यांत गाडी कुठल्या यार्डात उभी होती हे विचारणंही गैर नाही. जे शोरूम ही पाहणी न कुरकुरता करू देतं, त्याला तुलनेत एक गुण जास्त द्यावा.

नोंदणीबाबत २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायदा ग्राहकाच्या सोयीचा झाला. डीलर आणि नोंदणी एकाच राज्यात असेल तर नव्या गाडीचा नोंदणी अर्ज डीलरने करायचा आहे आणि नंबर गाडीवर लागल्याशिवाय त्याने गाडी ताब्यात द्यायची नाही. गाडी पुण्यात घेतली तरी वेळणेश्वरच्या पत्त्यावर तिची नोंदणी होऊ शकते. ‘नंबर आठ दिवसांत येईल, तोवर गाडी घेऊन जा’ असं कोणी म्हणालं तर ती सवलत समजू नये, तो धोका आहे. बेळगाव किंवा गोव्यात गाडी घेतली तर तात्पुरती नोंदणी आणि पुढची रत्नागिरीची फेरी आपल्या गळ्यात येते.

उतार, खारी हवा आणि वर्कशॉप

महामार्गावर चार किलोमीटर टेस्ट ड्राइव्ह घेऊन गाडी कळत नाही. सड्यावरून समुद्राकडे उतरणारे रस्ते, जांभ्याच्या गडग्यांमधून जेमतेम एक गाडी जाईल अशा वाड्यांतल्या वाटा, घराच्या दारापाशी एकदम चढणारा उतार, ही या गावातल्या गाडीची खरी परीक्षा. पाच माणसं आणि सामान भरून पहिल्या गिअरमध्ये चढ चढवून पाहावा. फेरीबोटीच्या फळीवर चढता-उतरताना गाडीचं पोट घासतं का तेही पाहावं. अनेक शोरूम घरी टेस्ट ड्राइव्ह देतो म्हणतात. वेळणेश्वरला गाडी आणता का, हा प्रश्न विचारून पाहावा. जो पन्नास-साठ किलोमीटर विक्रीसाठी येत नाही, तो रस्त्यात बंद पडलेली गाडी न्यायला येईल का?

किनाऱ्यावरची हवा खारी, आणि पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. क्षार आणि ओल मिळून पत्र्याला खालून खातात. हे ओळखून शोरूम अंडरबॉडी कोटिंग विकतं. ते निरुपयोगी नाही, पण कारखान्यातून काय लावून आलंय आणि कंपनीची गंजाबद्दलची वॉरंटी किती, हे आधी विचारावं. कोटिंग ओल्या किंवा मळक्या पत्र्यावर फासलं, किंवा त्यात दारांखालची पाणी निचरायची भोकं बुजली, तर गंज उलट आत कोंडतो. पावसाळ्यात आणि पुळणीवर गाडी नेल्यावर गोड्या पाण्याने खालून धुणं हे स्वस्त औषध वर्षानुवर्षं चालतं.

सर्व्हिसिंगची गोष्ट वेगळी. मोफत सर्व्हिसिंग आणि वॉरंटीचं काम सहसा त्या कंपनीच्या देशातल्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये होतं. गाडी कोल्हापुरात घेतली म्हणून तेलबदलीला घाट चढावा लागत नाही. त्यामुळे शोरूम निवडण्याआधी चिपळूण-रत्नागिरीत त्या कंपनीचं वर्कशॉप आहे का हे तपासावं. ते नसेल तर गाडी कितीही आवडली तरी थांबून विचार करावा. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री बंद केली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं. त्यानंतर लहान गावातल्या मालकाला साध्या सुट्या भागासाठीही शहराकडे तोंड करावं लागलं.

लांबचं शोरूम आणि जवळचा आयोग

लांब गाडी घेण्यातली मोठी भीती तक्रारीची असते. ती काही अंशी जुनी झाली. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला तो राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे जायची मुभा दिली. पुण्याच्या डीलरविरुद्ध वेळणेश्वरचा माणूस रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकतो, तीही ऑनलाइन. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि दहा लाखांपर्यंत फक्त दोनशे रुपये. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्रयत्न करता येतो. पण आयोग कागद वाचतो, सेल्समनने दिलेला शब्द त्याला ऐकू येत नाही. बुकिंगची रक्कम शोरूमच्या खात्यात भरलेली असावी, कोणाच्याही वैयक्तिक खात्यात नको. रद्द केल्यास परत किती मिळणार, डिलिव्हरी केव्हा, मोफत म्हणून काय काय देणार, हे सगळं बुकिंगच्या कागदावर उतरवून घ्यावं.

आता तीन कोटेशनं शेजारी ठेवावीत. घट्ट ओळी जुळतात का ते पाहून त्या बाजूला साराव्यात. सैल ओळींची वेगळी बेरीज करावी. लांबच्या शोरूमची बेरीज कमी असेल तर तोच कागद घेऊन जवळच्या शोरूममध्ये जावं आणि एकेक ओळ दाखवून तेवढंच मागावं. बहुतेक वेळा अंतर बरंच मिटतं. जे उरेल ते फेऱ्यांच्या, फेरीबोटीच्या आणि बुडालेल्या दिवसांच्या खर्चाशी ताडून पाहावं. उरलेला फरक त्या खर्चापेक्षा मोठा असेल तर खुशाल कोल्हापूर गाठावं. तेवढाच किंवा कमी असेल तर गाडी चिपळूणला घ्यावी, कारण कागदात चूक निघाली की त्याच दुपारी जाऊन समोर बसता येतं.